मावळी लेप

उन्हानं भाजलेल्या माणसाची दया राजाराम उबाळेला कधी आली नाही. आधी हसू यायचं, आणि हसून झालं की किळस यायची. महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर त्याची उभी हयात गेली. दर उन्हाळ्यात मुंबईची, पुण्याची, गुजरातेतली कुटुंबं त्याच्या अँबॅसिडरमधून पॉइंट बघत हिंडायची. वर हवा गार, त्यामुळे ऊन लागतंय हे या लोकांना कळायचंच नाही. भर दुपारी उघड्या डोक्यानं घोड्यावर बसायचं, तळ्यात होडी वल्हवायची, गाजरं खायची, आणि संध्याकाळी हॉटेलातल्या आरशासमोर उभं राहून बोंबलायचं. दुसऱ्या दिवशी नाक लाल, कपाळ लाल, मान लाल, आणि शर्टाची कॉलर घासली तरी "आई गं".

"ही अवलाद सावलीत उगवल्याली," राजाराम स्टँडवरच्या मंडळींना सांगायचा. "माझ्या बापानं जन्मात डोक्याला टोपी घातली न्हाई न् पायाला चप्पल. त्येचं कातडं कवा सोललं न्हाई. आन ही लोकं बघा. अर्धा दिस उनात ग्येली की कांद्यावानी सालपटं निघत्यात."

तुच्छ मानायला त्याला भाजलेलंच माणूस लागायचं असं नाही. त्याच्या हिशेबी घोडेवाले चोर होते, हॉटेलवाले चिकट होते, बाकीचे टॅक्सीवाले नुसते गोठ्यातून सुटलेले होते. केळघरच्या अलीकडच्या त्याच्या वाडीतली माणसं तर विहिरीतली बेडकं. बायको भामाबाई तिथंच घर आणि तुकडाभर शेत सांभाळायची, ती भोळी. आपल्याबद्दल कोण काय म्हणतं याची त्याला फिकीर नव्हती. अपवाद एकच, त्याचा मुलगा महेंद्र. महेंद्र फौजेत होता. त्यानं आपल्याला मोठं मानावं, चारचौघांत "माझे आबा" म्हणून सांगावं, एवढं राजारामला मनापासून हवं होतं. आणि महेंद्र सांगायचा. बापाएवढा हुशार माणूस जावळी तालुक्यात नाही, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत होती. राजारामनं ती कधी मोडू दिली नव्हती.

आता लेपाचं सांगायला हवं. वेण्णा तलावाच्या वाटेवर तात्याबाची टपरी होती. कणसं, गाजरं, स्ट्रॉबेरी, असला माल. एका वर्षी स्ट्रॉबेरी उठलीच नाही, पाट्यांतच नासायला लागली. तात्याबा कपाळाला हात लावून बसला होता. तेव्हा राजारामनं गाडीत कण्हत बसलेल्या एका लालबुंद शेटजीकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. नासकी स्ट्रॉबेरी कुस्करायची, तिच्यात काकवी घालायची, वासाला कापूर टाकायचा, आणि भरपूर लिंबू पिळायचं. लिंबू कशाला, तर झोंबायला. झोंबल्याशिवाय औषध लागू पडतंय असं शहरातल्या माणसाला वाटतच नाही. हे सगळं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं आणि त्याला नाव दिलं, मावळी लेप.

"सायेब, हे आमच्या जावळीच्या रानातलं औषध," राजाराम आरशातून मागं बघत सुरू व्हायचा. "मावळे लावायचे. दिस-दिस उनात घोडा फेकायचे, पण कातडं बघाल तर राजबिंडं." मावळ्यांच्या कातड्याबद्दल त्याला काय माहिती होती देव जाणे, पण शेटजी ऐकायचे. गाडी तात्याबाच्या टपरीपाशी थांबायची, बाटली खपायची, दोघांचं साटंलोटं व्हायचं. पहिल्याच गिऱ्हाइकानं लेप फासून गाडीत बैठक मारली आणि सीटच्या पांढऱ्या कव्हराला लाल, चिकट डाग पडले. ती कव्हरं भामाबाई हातानं धुवायची, तिनं घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून राजारामनं औषधाला पथ्य जोडलं. "लेप लावल्यावर भाईर उनात बसायचं सायेब. पार वाळून तडतडला पायजे. त्याबिगार गुण न्हाई." शेटजी बायकापोरांसकट रस्त्याकडेच्या दगडांवर तोंड वर करून बसायचे. राजाराम बॉनेटला टेकून बिडी ओढायचा आणि मनातल्या मनात हसून लोळायचा. एवढी गाढवं एका रांगेत बसलेली गाढवांच्या बाजारातही दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवसाच्या पुढं त्या तोंडांचं काय झालं, हे त्यानं कधी बघितलं नाही. ती माणसं दोन दिवसांत आपापल्या गावाला निघून जायची.

महेंद्र त्या साली रजेवर आला तेव्हा नुकते आंबे पाडाला लागले होते. वर्षभर तो सियाचीनला, बर्फात होता. त्याचं लग्न सांगलीच्या नाथाजी खरातांच्या पायलशी ठरत आलं होतं. पोरगी डी.एड. झालेली, फोटोत दिसायला नीटस, आणि तो फोटो महेंद्रच्या पाकिटात. आता पाहुणे येऊन मुलगा बघणार आणि तारीख धरणार, एवढंच बाकी होतं. वाडीत राजारामनं आधीच सांगून ठेवलं होतं, "वाघ येतोय, बघाच."

वाघ एस.टी.तून उतरला तो तोंडाला मफलर गुंडाळून. घरात आल्यावर त्यानं मफलर सोडला आणि भामाबाईनं हातातला तांब्या तसाच धरून ठेवला. नाकाचा शेंडा कच्च्या मांसासारखा झाला होता. गालांवर काळपट खपल्या धरलेल्या, ओठ फुटलेले. डोळ्यांभोवती मात्र चष्म्याच्या मापाची दोन पांढरी वर्तुळं. राजारामला ते तोंड चांगलंच ओळखीचं वाटलं.

"ह्ये काय रं?"

"ऊन लागलं, आबा."

"कुठं?"

"वर. बर्फात."

राजाराम हसला. "बर्फात भाजलास? उद्या म्हनशील, चुलीपाशी बसून गारठलो."

"खरंच आबा. बर्फावर ऊन वरनं बी लागतं न् खालनं बी. आरशावर उबं ऱ्हायल्यावानी. हवा एवढी गार, की भाजल्यालं कळत बी न्हाई. संध्याकाळी आग हुती तवा कळतं."

हवा गार असली की ऊन कळत नाही, हे सगळ्या तालुक्यात राजारामएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्याचा राग दुसराच होता. बारीक हाडाचा असला तरी पोरगा फौजी, आणि आला तो स्टँडवरच्या गिऱ्हाइकाचं तोंड घेऊन! आता वाडीतली बेडकं काय म्हणणार?

महेंद्रनं ट्रंकेतून एक ट्यूब काढली. पलटणीच्या डॉक्टरनं दिली होती. ती लावायची, तोंड झाकून ठेवायचं, उन्हात अजिबात जायचं नाही, थोड्या दिवसांत नवी कातडी येईल, असं त्यानं बजावलं होतं. राजारामनं ट्यूब हातात घेऊन उलटसुलट केली, वास घेतला आणि म्हणाला, "दात घासायची दिसती."

"आवं, ट्यूब कशाला पायजे?" भामाबाई मध्येच म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आपला लेप हाय की! जगाला बरं करता, मग घरच्या पोराला न्हाई व्हय?"

लेप खरा नाही, हे राजारामनं घरात कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं कारण काय? बायको आपल्याला वैद्य समजते तर समजू दे. शेजारच्या तानुबाईचं बोट तव्याला भाजलं होतं तेव्हा भामाबाईनं तिला लेप लावला होता. बोट आपसूक बरं झालं, नाव लेपाचं झालं. फडताळात एक बाटली कायम असायची.

"लेप!" महेंद्रनं कपाळावर हात मारला. "आबांचा लेप तर मी इसरलोच हुतो."

आणि त्यानं बापाकडे अशा विश्वासानं बघितलं की राजारामच्या तोंडून जे निघायला हवं होतं ते निघालं नाही. काकवी आणि स्ट्रॉबेरीच तर आहे, त्यानं मनाशी म्हटलं. जे पोटाला चालतं ते तोंडाला काय करणार आहे?

"लाव, लाव," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे ती ट्यूब."

"उनात वाळवायचा, न्हवं का आबा?"

"कोवळ्या उनात. पार तडतडला पायजे," राजाराम म्हणाला. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य, जीभ आपोआप वळली.

सीझनचे दिवस होते. राजाराम दुसऱ्याच दिवशी पहाटे वर गेला आणि आठवडाभर स्टँडवरच राहिला. परत आला तेव्हा महेंद्र अंगणात दगडावर तोंड वर करून बसला होता. तोंडावर लाल लेप तडकलेला, कडेनं माश्या. भामाबाई पदरानं माश्या वारत होती. राजाराम जवळ गेला. खपल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी ओलं, पाझरणारं मांस आलं होतं. लेपाचे ओघळ मानेवर जिथं जिथं गेले होते तिथं काळ्याकुट्ट रेघा उमटल्या होत्या. आला तेव्हा पोरगा भाजलेला होता. आता सडत चालल्यासारखा दिसत होता.

"बघितलंसा?" भामाबाई कौतुकानं म्हणाली. "आतली समदी घाण भाईर काढतोय लेप. तुमीच म्हनता न्हवं, आदी वाईट दिसतं, मग उजाळतं?"

हो, तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक हॉटेलच्या दारात तक्रार घेऊन उभं राहिलं की हेच म्हणायचा, आणि मग त्यांची बस सुटायची.

"बंद करा लेप," राजाराम म्हणाला.

"का?" दोघांनी एकदमच विचारलं.

का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. राजारामनं घसा खाकरला. "ह्यो लेप हितल्या उनाचा हाय. बर्फाच्या उनाला चालत न्हाई."

महेंद्र हसला. हसताना ओठ उलला आणि रक्ताचा थेंब आला, तो त्यानं बोटानं टिपला. "आबा, बर्फात कोन भाजत न्हाई म्हनून तुमीच सांगितलंसा. ऊन सगळीकडं ऊनच की वो. मी काय कळ सोसत न्हाई असं वाटतंय का तुमाला? झोंबतंय लय, पण झोंबल्याबिगर गुण येतोय व्हय?"

राजाराम घरात शिरला. त्यानं बाटली उचलली आणि ओढ्यात नेऊन फोडली. बाटली हातातून निसटली असं सांगितलं. भामाबाई भोळी असली तरी कामाला उशीर लावणारी नव्हती. तिनं दुधाच्या गाडीवाल्याकडून तात्याबाला निरोप धाडला, आणि संध्याकाळच्या आत दोन नव्या बाटल्या घरात आल्या.

तेव्हा राजाराम तात्याबाकडे गेला. टपरीवर गर्दी होती. त्यानं त्याला बाजूला घेतलं.

"लेपात तू काय घालतोस रं?"

"तू सांगितलंस ते."

"आनि?"

"आनि काय? धुण्याचा सोडा, वाईच. जरा फसफसला की ताजा वाटतो लोकास्नी." तात्याबानं डोळे बारीक केले. "का रं? कोन बोंबलत आलं का काय? येऊन येऊन येनार कोन म्हना. बस सुटली की गिऱ्हाईक म्येलं."

"घरात लावलाय," राजाराम म्हणाला. "पोराला."

तात्याबा आधी बघतच राहिला, आणि मग असा हसायला लागला की त्याला टपरीचा खांब धरावा लागला. "तू? तुज्या घरात? आरं गड्या, हलवाई आपली मिठाई खात न्हाई म्हनत्यात, तू तर पोराला भरवलीस!" त्याच्या हसण्यात जरासुद्धा वाईट वाटल्याची खूण नव्हती. राजारामला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कुठल्या तोंडानं वाजवणार?

उतरताना घाटात त्यानं ठरवलं. घरी जायचं, पोराला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. दोन वाक्यांचं काम. पोरगा रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग निवळेल. घरी पोचला तेव्हा महेंद्र ओट्यावर त्याचीच वाट बघत होता.

"आबा, एक काम हुतं. मला जाताना लेपाच्या बाटल्या पायजेत. जास्त पायजेत, पेटीभर."

"पेटीभर? कशाला?"

"आमच्या पोस्टवर समद्यांची तोंडं अशीच हायत वो. एक पंजाबचा पोरगा हाय, त्येचं नाक तर बघवत न्हाई. मी त्यास्नी सांगूनच आलोय, माज्या आबांकडं दवा हाय, घेऊन येतो." तो जरा लाजला. "तितं वर करमत न्हाई. मग घरच्या गोष्टी निघत्यात. मी तुमचंच सांगत आसतो."

राजाराम ओट्याच्या कडेला टेकला. हिमालयाच्या टोकावर, नाक जळालेल्या पोरांच्या घोळक्यात, कुणीतरी त्याचं नाव मोठेपणानं घेतलं होतं. जन्मभर त्याला हवं होतं ते हेच. आणि ते उभं होतं नासक्या स्ट्रॉबेरीवर.

"बघू," तो म्हणाला. "उद्या बोलू." आणि न जेवता झोपला. उद्या बोलला नाही, परवाही बोलला नाही. तोंड सुटलेला माणूस म्हणून तालुक्यात नाव होतं त्याचं, आणि दोन वाक्यं निघेनात. भित्रा तो होताच. दुसऱ्याला तुच्छ मानत हिंडणारी बरीच माणसं आतून भित्रीच असतात, फक्त त्यांची परीक्षा उशिरा येते.

त्याची परीक्षा आली ती पाहुण्यांच्या रूपानं. नाथाजी खरात सांगलीहून दोन भाऊबंदांना घेऊन आले. नाथाजी हळदीच्या पेठेत एका वखारीवर मुकादम होते. जन्म पोत्यांत गेलेला, नखं पिवळी, तळहात पिवळे, शर्टाच्या बाह्यासुद्धा पिवळसर. फोटोवरून नातं जुळत असताना राजारामनं घरात त्यांची "बारा महिने हळद लागल्याला नवरदेव" म्हणून टिंगल केली होती. आता तेच नाथाजी "जय भीम" करून घोंगडीवर बसले, पाणी प्याले, चहाचा कप हातात घेतला, आणि महेंद्र आतून बाहेर आला.

कप तसाच राहिला. भाऊबंदांपैकी एकानं नकळत पाय आखडून घेतले.

"ऊन लागलंय," महेंद्र म्हणाला. "बर्फातलं."

"व्हय, व्हय," नाथाजी म्हणाले. फार सभ्यपणे म्हणाले. "कवा लागलं?"

"महिना व्हत आला."

नाथाजींनी भाऊबंदांकडे बघितलं. "आमच्या वस्तीत बी फौजी हायत. बर्फातनं येत्यात ती अशीच येत्यात, ते ठावं हाय मला. पर धा-पंदरा दिसात त्येंची कातडी नवी हुती. ह्ये चिगळलंय. ह्या काळ्या रेगा कसल्या?" मग आवाज खाली आणून त्यांनी राजारामला विचारलं, "राग मानू नगा पाव्हणं. घरात आदी कुनाला हुतं का असं?"

कुणी नाव घेतलं नाही, पण घरातल्या प्रत्येकाला कळलं की विचारणं महारोगाबद्दल आहे. भामाबाईनं तोंडात पदर कोंबला. महेंद्रच्या मानेवरच्या शिरा उठल्या.

"रोग न्हाई मला!" तो म्हणाला. "पलटणीत तपासून मगच रजेवर सोडत्यात. आन औषीद चालू हाय. आमच्या आबांचा लेप हाय, हजारो लोकं बरी झाल्यात त्येनं. थोडं थांबा, गुण येनारच."

"येऊ द्या की," नाथाजी म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. चहा प्यालाच नव्हता. "सवडीनं बरं हू द्या. मग आमी कळवतो."

कळवतो म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही समजतं. पाहुणे उठले. नाथाजी दारात वाकून चपलेत पाय घालू लागले. महेंद्र भिंतीला टेकून उभा होता, आणि त्या पांढऱ्या वर्तुळांमधले डोळे भरून आले होते. पोराच्या डोळ्यांत पाणी राजारामनं तो सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासून बघितलं नव्हतं. 

"बसा पाव्हणं," तो म्हणाला. "रोग न्हाई त्यो. माजा लेप हाय."

"म्हंजे?"

"लेपानंच झालंय ह्ये. औषीद न्हाईच ते." एकदा सुटल्यावर मात्र वाक्यं थांबेनात. "नासकी स्ट्रॉबेरी हाय. काकवी, लिंबू, कापूर. वर सोडा. गिऱ्हाइकास्नी इकाया केला हुता. मावळे-बिवळे कोन न्हाई त्यात."

नाथाजी एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. पोराचा रोग झाकायला बाप काहीही सांगेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. राजाराम आत गेला, फडताळातली बाटली आणली, तळहातावर लेप ओतला आणि सगळ्यांच्या देखत चाटून खाल्ला. "बगा. काकवी हाय." त्यानं बाटली पुढं केली. नाथाजींनी एक पिवळं बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं केलं. "व्हय. नासल्याली हाय."

 भामाबाई नवऱ्याकडे अशी बघत होती की जणू घरात परका माणूस शिरलाय.

"आबा," महेंद्र म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "मग उनात का वाळवायचा?"

राजारामनं जमिनीकडे बघितलं. "सीटची कव्हरं घान हुत्यात म्हनून."

आधी एका भाऊबंदाला हसू फुटलं. मग नाथाजींना. ते परत घोंगडीवर बसले आणि खोकला येईपर्यंत हसले, पिवळ्या हातानं डोळे पुसले आणि भामाबाईला म्हणाले, "भैनी, च्या गरम करा परत." मग महेंद्रकडे वळून म्हणाले, "फौजी, त्ये तोंड धू आदी. डागदरानं काय दिलं आसंल तर त्ये लाव, आन सावलीत बस. तुजं लगीन मोडत न्हाई. पोरगं चांगलं हाय, सरळ हाय, ते मला दिसलं. बापाकडं बघून पोरगी द्याची आसती तर मी आल्या पावली म्हागारी ग्येलो आसतो."

हे सगळं राजारामच्या समोर, राजारामच्या घरात, राजारामच्या चहाचा कप हातात धरून. आणि त्याला मान डोलवावी लागली. तारीख पुढच्या रजेतली धरली गेली. पाहुणे जेवून गेले. रस्त्याला लागेपर्यंत त्यांचं हसणं वाडीत ऐकू येत होतं.

महेंद्र हसला नव्हता. त्यानं तोंड धुतलं, ट्रंकेतली ट्यूब शोधली आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला. जखम हळूहळू सुकली. नवी कातडी आली, गुलाबी, नाजूक. मानेवरच्या काळ्या रेघा मात्र फिक्या झाल्या तरी गेल्या नाहीत. तो बापाशी भांडला नाही. भांडला असता तर राजारामला बरं वाटलं असतं. जेवलात का, पाणी तापलंय, एवढं तो बोलायचा. पोस्टवरच्या पोरांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. एकदा राजारामनंच काढली. त्या पंजाबच्या पोराला साताऱ्याच्या दुकानातनं चांगलं मलम घेऊन देतो, म्हणाला. महेंद्र "नको" म्हणाला.

रजा संपली त्या दिवशी राजारामनं गाडी धुतली, धुतलेली कव्हरं घातली. सातारा स्टँडवर महेंद्रला सोडायचं होतं, तिथून तो पुण्याची एस.टी. धरणार होता. बोलायला चालायला लागल्यापासून महेंद्र कायम पुढं बसायचा, बापाच्या शेजारी, एक हात खिडकीबाहेर काढून. त्यानं ट्रंक डिकीत ठेवली, आईच्या पाया पडला, मागचं दार उघडलं आणि मागं बसला.

"पुडं ये की रं," राजाराम म्हणाला.

"बरं हाय हितं."

मेढ्यापर्यंत राजाराम बोलत होता. रस्ता कसा उखडलाय, ठेकेदार कसा चोर आहे, समोरच्या ट्रकवाल्याला कुणी लायसन दिलं. मागून हुंकारही आला नाही. मेढ्याच्या पुढं तोही गप्प झाला. आरशात बघायचा तेव्हा महेंद्र बाहेर बघत असायचा.

सातारा स्टँडच्या दारात गाडी थांबली. महेंद्रनं ट्रंक काढली, पुढच्या खिडकीशी आला आणि विचारलं, "किती झालं?"

"काय किती झालं?"

"भाडं."

"खुळा झालास का रं?" राजाराम हसायला गेला, पण पोराच्या तोंडावर थट्टा नव्हती. रागही नव्हता. टॅक्सीवाल्याशी बोलताना माणसाचं जसं तोंड असतं तसं होतं. महेंद्रनं खिशातून एक नोट काढली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली.

"वरचं पैसं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि ट्रंक उचलून चालायला लागला.

असं म्हणून निघालेल्या गिऱ्हाइकाच्या पाठीला राजाराम दर वेळी एक ठेवणीतली शिवी द्यायचा. आता ती पाठ उन्हातून, गर्दीतून पुण्याच्या गाडीकडे चालली होती. कॉलरच्या वर मानेवरच्या काळ्या रेघा दिसत होत्या. मफलर बांध रं, ऊन लय हाय, एवढंच त्याला ओरडून सांगायचं होतं. त्यानं मान खिडकीबाहेर काढली. मागं अडकलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं जोरात भोंगा वाजवला आणि "ए टॅक्सी, हाल की म्होरं," म्हणून दोन शिव्या हासडल्या. राजारामनं गिअर टाकला आणि गाडी पुढं घेतली.